खुर्चीतली पाचर

माझी पाठ बाभळीच्या लाकडामुळे दुखत होती, असं मी डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी मला दुसऱ्याच डॉक्टरांकडे पाठवलं असतं. पण ते खरं होतं.

केजच्या आमच्या कार्यालयात मी प्रमुख म्हणून बसायला लागले त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. कार्यालय कुठलं ते सांगत नाही. ज्या कार्यालयात गेल्यावर ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ हे पहिलं वाक्य ऐकू येतं, त्यातलंच एक समजा. पदाबरोबर खोली मिळाली आणि खोलीबरोबर खुर्ची. काळी, उंच पाठीची, खाली पाच चाकं आणि पाठीवर पांढरा टॉवेल. तो टॉवेल कशासाठी असतो हे मला अजून कळलेलं नाही. साहेबलोक काही अंघोळ करून थेट खुर्चीत येत नाहीत. पण टॉवेल नसलेल्या खुर्चीला आमच्याकडे कुणी मान देत नाही. म्हणून तो दर सोमवारी धुतलेला असतो आणि त्याची घडी बरोब्बर मध्यावर बसलेली असते.

ही घडी घालायचे आमचे शिपाई. सगळं कार्यालय त्यांना मामा म्हणायचं, मीही म्हणायचे. रोज नांदूरघाटहून जीपनं यायचे आणि सगळ्यांच्या आधी कुलूप उघडायचे. अंगानं इतके बारीक की दार अर्धं उघडलं तरी त्यांना पुरायचं. मी नोकरीला लागले तेव्हापासून मी त्यांच्या हातचा चहा पीत आले. खोलीत दुसरं कुणी नसलं की मला ताई म्हणायचे, चारचौघांत मॅडम आणि मी काही चुकीचं केलं की बाई.

तर वर्षभर मी त्या खुर्चीत एस.टी.च्या बाकावर बसल्यासारखी बसत होते. मागे टेकावं तर खुर्ची भिंतीसारखी उभी. शेवटी पाठीनं हात टेकले. डॉक्टरांनी कमरेला पट्टा दिला, शेक सांगितला आणि विचारलं, “तुमची खुर्ची मागे झुकते का?” मी म्हटलं, “नाही, स्वभावानं माझ्यासारखीच आहे.” ते हसले नाहीत. अशा खुर्चीच्या बुडाशी एक दांडा असतो, तो बघा म्हणाले.

मी येऊन मामांना विचारलं. मामा म्हणाले, ही डुलणारी न्हाई, साधी हाय. आणि टेबलावरची कपबशी उचलून झपाट्यानं बाहेर गेले. कपात अजून अर्धा चहा होता. मामा असा चहा कधी उचलत नसत.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी दाराला आतून कडी लावली. पन्नाशीला टेकलेली बाई, कमरेला पट्टा, हातात मोबाईलचा उजेड, आणि कार्यालय प्रमुख गुडघ्यांवर रांगत टेबलाखाली. कुणी पाहिलं असतं तर माझी बदली न मागता झाली असती. खाली बघते तर काय, एक नाही, दोन दांडे. पुढच्या बाजूला मुठीएवढं गोल बटण. आणि बसायच्या पत्र्याच्या आणि खालच्या लोखंडी डब्याच्या मधल्या फटीत लाकडाची पाचर.

इतकी देखणी पाचर मी जन्मात पाहिली नव्हती. तासून गुळगुळीत केलेली, तेल पाजलेली, फटीत अशी बसवलेली की जणू कारखान्यातूनच आली असावी. मी शेतकऱ्याच्या घरची. कुऱ्हाडीचा दांडा हलला की पाचर, कुळव खुळखुळला की पाचर, हे मला शिकवावं लागत नाही. जे हलतं ते ढिलं झालं आणि जे ढिलं झालं त्यात बाभळीची पाचर ठोकायची, हा आमच्या भागातला कायदा आहे. कुणीतरी त्याच कायद्यानं खुर्चीचं झुकणं बंद केलं होतं.

कुणी, ते विचारायची गरज नव्हती. का, तेही नव्हती. कारण त्या पाचरीची सुरुवात माझ्यापासूनच झाली होती.

अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी कनिष्ठ लिपिक, नवी कोरी, नोकरी अजून कायम व्हायची होती. त्या वेळी आमच्याकडे पहिली फिरती खुर्ची आली. खोक्यात सुटी सुटी आली. मामांनी अख्खी दुपार पाना घेऊन ती जोडली आणि आम्ही सगळे कामं टाकून ते बघायला उभे. तेव्हाचे साहेब धिप्पाड होते. ते खुर्चीत बसले आणि खुर्चीनं एक सुस्कारा टाकला. मामांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं, जसं काही त्यांनी खणलेल्या विहिरीला पाणी लागलं होतं.

पुढच्या आठवड्यात साहेब खरोखरच दौऱ्यावर होते. मी फाईल ठेवायला त्यांच्या खोलीत गेले. खोली रिकामी, पंखा चालू, खुर्ची रिकामी. आता तुम्हीच सांगा. मी बसले. एक गिरकी घेतली. मग उलटी गिरकी घेतली, पहिलीची चक्कर उतरावी म्हणून. कपाट, खिडकी, नकाशा, दार, पुन्हा कपाट. या गिरक्यांत हात खाली गेला आणि गोल बटण लागलं. माझ्या हाताला फिरणारं काही लागलं की तो फिरवल्याशिवाय राहत नाही. घरच्या रेडिओचं बटण मी लहानपणी असंच उपटून हातात आणलं होतं. मी ते बटण फिरवलं, फिरवलं, हलकं लागेपर्यंत फिरवलं. काहीच झालं नाही. मग बाहेर पावलं वाजली, तशी मी उठले आणि तोंड गंभीर करून निघून आले.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत गावोगावचे सरपंच जमले होते. मी कोपऱ्यात टिपणं घेत होते. साहेबांना सवय होती, नकार द्यायचा असला की आधी पाठ मागे टेकायची. कुणीतरी रस्त्याचं काही मागितलं. साहेबांनी चहाचा कप हातात घेतला, मान हलवली आणि टेकले.

खुर्ची त्यांना घेऊन जी गेली ती गेलीच. उलटली नाही, पाच पायांनी धरून ठेवली, पण पाठीची गादी झाली. चहा सदऱ्यावर, पाय टेबलाच्या वर, आणि साहेबांच्या दोन पायांत दोन रंगांचे मोजे आहेत हे अख्ख्या तालुक्याला कळलं. मग एक म्हातारे सरपंच अगदी मायेनं म्हणाले, “साहेब, न्हाई म्हनायला एवढं लांब कावून जायचं?”

त्यानंतर त्या खोलीत जे झालं ते मी टिपणात घेतलं नाही. संध्याकाळपर्यंत गोष्ट बसस्थानकावर पोचली होती.

खुर्ची कुणी जोडली, असं साहेबांनी विचारलं आणि मामा पुढे झाले. बोल्ट ढिला ठेवला म्हणून त्यांना कारणे दाखवा नोटीस निघाली. ती टाईप कुणी केली? मी. मामांना कार्यालयीन भाषा जमायची नाही, म्हणून खुलासा लिहून घ्यायला ते माझ्याकडेच आले. म्हणाले, ताई, तुमचं अक्षर बरं हाय. मी पेन हातात धरून त्यांना विचारलं, खरंच बोल्ट ढिला राहिला होता का.

त्यांनी बोटांनी हवेत पाना फिरवून बघितला. म्हणाले, “म्या तर आवळलता. पर साहेब पडले म्हंजे राहिलाच आसंल.”

आणि मी लिहिलं. ‘माझ्या हातून बोल्ट पूर्ण आवळला गेला नाही, याबद्दल मी दिलगीर आहे.’ खाली त्यांनी सही केली. ताकीद त्यांच्या सेवापुस्तकात गेली. साहेबांची पुढे बदली झाली, ती खुर्ची मोडली, दुसरी आली, तिसरी आली. प्रत्येक खुर्चीत मामांनी आल्या दिवशी पाचर ठोकली असणार. मी या तालुक्यातल्या सगळ्या गोष्टी सगळ्यांना सांगत फिरणारी बाई. ही एक मात्र कुणाला सांगितली नव्हती.

त्या दुपारी टेबलाखाली मी पाचरीला हात लावला नाही. गुडघे झटकले आणि पुन्हा ताठ बसले.

मामांच्या निवृत्तीला तेव्हा तीन आठवडे होते. आमच्याकडे एक पद्धत आहे. शिपाई निवृत्त होतो त्या दिवशी त्याला साहेबाच्या खुर्चीत बसवतात. हार, शाल, नारळ आणि फोटो. तो फोटो पुढे घराच्या पहिल्या खोलीत लागतो आणि सोयरे आले की आधी तो दाखवतात. मी मामांना म्हटलं, फोटोवाला सांगून ठेवते. मामा म्हणाले, सत्काराला येतो, पर खुर्ची नको. बाहेरच्या माझ्या स्टुलावरच काढा काय तो फोटो.

मी सोडते होय? खोदून खोदून विचारलं तेव्हा ते बोलले. गावाकडून जीप भरून माणसं येणार होती. लेक माजलगावला दिलेली, तिकडचे व्याही येणार होते. आणि बायको येणार होती. त्या नोटिशीपासून घरातलं काहीही हललं की ती म्हणायची, “तुमच्या हातचं हाय न्हवं, मंग म्या बघून घेते.” बाजेचा पाय असो, कवाडाची कडी असो. हे सगळं मामा हसत हसतच सांगत होते. मग म्हणाले, नातू झाला तेव्हा आढ्याला पाळणा बांधला. बांधून झाला तर तिनं लेकराला त्यात घातलं नाही. शेजाऱ्याला हाक मारली.

“पाळना म्या बांधला,” मामा म्हणाले, “आन आकडा शेजाऱ्यानं वढून बघितला. मंग लेकरू ठिवलं.”

हे सांगून ते टॉवेलची घडी नीट करायला लागले. ती नीटच होती. म्हणाले, चारचौघांत तिच्या समूर खुर्ची गेली तर माझं काय राहिलं? नकोच ते.

मला त्या दिवशी घरी जेवण गेलं नाही. नवऱ्यानं विचारलं, पाठ का? मी म्हटलं, पाठच.

दोन दिवसांनी मी दार लावलं आणि मामांना म्हटलं, पाचर काढा. ते दचकले. मी म्हटलं, मी पाहिलीय, उत्तम आहे, पण काढा. त्यांनी हातोडीचे दोन ठोके खालून दिले आणि ती सुटून फरशीवर पडली. मग आम्ही दोघं त्या खुर्चीपाशी मांडी घालून बसलो. मी त्या दोन दिवसांत खुर्चीबरोबर आलेला माहितीचा कागद कपाटातून शोधून काढला होता. पिशवीसुद्धा फोडलेली नव्हती.

मी वाचून दाखवत होते आणि मामा हातानं चाचपत होते. हा दांडा उंचीचा. हा दुसरा कुलपाचा, तो आत ढकलला की पाठ जागेवर पक्की, बाहेर ओढला की मोकळी. आणि हे गोल बटण. आत मोठी स्प्रिंग आहे, बटण तिला दाबतं किंवा सैल सोडतं. जड माणसाला घट्ट पाहिजे, हलक्याला सैल. मी बसून दाखवलं. आधी पूर्ण घट्ट केलं, तर माझ्यासारखीनं ढकलूनही पाठ हलेना. मग सैल केलं, तर ती मला घेऊन निघाली आणि मी टेबल धरलं. मग मध्ये कुठेतरी जागा सापडली. तिथे खुर्ची माझ्याबरोबर मागे आली, थांबली आणि मी उठायचं मनात आणताच माझ्याबरोबर पुढे आली. काय सांगू, माझ्या लग्नातही मला इतकं समजून कुणी घेतलेलं नाही.

मामा मात्र हसत नव्हते. ते बटणाकडे बघत होते. म्हणाले, हे सैल ठिवलं आन जड मानूस बसला तर?

पाय वर, मी म्हटलं.

“म्हंजे गाडी उलाळ,” मामा म्हणाले. बैलगाडीत मागच्या बाजूला जास्त वजन झालं की पुढचं जू वर उचललं जातं, त्याला आमच्याकडे गाडी उलाळ झाली म्हणतात. मामांनी दोन बोटांनी हवेत ते जू वर जाताना दाखवलं. “त्यात चाकाचा दोष नस्तो, ताई. गाडी जोडनाराचाबी नस्तो. भरनाराचा आस्तो.”

आता याच्यापुढे मी गप्प बसले असते तर मला माझं तोंड आरशात बघता आलं नसतं.

“भरणारी मी होते, मामा,” मी म्हटलं. मग सगळं सांगितलं. दौरा, गिरकी, बटण. नोटीस टाईप करताना मला माहीत होतं, हेही सांगितलं. नोकरी कायम व्हायची होती, हेही सांगितलं आणि सांगताना ते किती लहान वाटतंय हे माझं मलाच ऐकू आलं.

मामा म्हणाले, “म्हंजे बोल्ट म्या आवळलता.”

“हो.”

“पुरा?”

“पुरा.”

त्यांनी हातोडी उचलली, पाना उचलला आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी चहा वेळेवर आला. साखर बरोबर, बशी कोरडी. “घ्या, मॅडम,” म्हणाले. खोलीत आम्ही दोघंच होतो. तिसऱ्या दिवशीही मॅडम, चौथ्या दिवशीही मॅडम. बाई म्हणाले असते तरी मी देवाला नारळ फोडला असता. आमच्या खात्यात शिक्षेचे बरेच प्रकार आहेत, पण मामांसारखी शिक्षा द्यायला अजून कुणाला जमलेली नाही.

पाचव्या दिवशी त्यांनी स्वतःच दार लावून घेतलं आणि उभे राहिले. म्हणाले, एक काम हाय. मी म्हटलं, सेवापुस्तकातली ती ताकीद, मी वर पत्र लिहिते. त्यांनी मान हलवली.

“कागुद नको. हिला सांगा. तुमच्या तोंडानं, समद्यांच्या समूर.”

“आणि मग खुर्चीत बसाल?”

“ती काय म्हंती बघू.”

मग आम्ही तयारीला लागलो. मामा त्या दिवसाआधी खुर्चीत बसायला तयार नव्हते, तेव्हा त्यांच्या मापाचं बटण लावायचं कसं? बाजारात धान्याच्या काट्यावर उभे राहून ते वजन करून आले, बावन्न किलो. मी म्हटलं, माझं विचारू नका. मग रेकॉर्ड खोलीतून लाल कापडात बांधलेले जुन्या फायलींचे गठ्ठे आणून आम्ही बावन्न किलो खुर्चीत बसवले. टॉवेलसकट. मी पुढून गठ्ठे ढकलायचे आणि मामा खाली बसून बटण फिरवायचे. आणखी एक फेरा. अर्धा मागं. शेवटी गठ्ठे अदबीनं मागे झुकले आणि अदबीनंच परत आले. मामा खालून म्हणाले, बास. माझ्यापासून डावीकडे साडेतीन फेरे, त्यांनी पाठ करून टाकले.

सत्काराच्या दिवशी बैठकीच्या खोलीत खुर्ची ढकलत आणली. पहिल्या रांगेत मामांची बायको, ठेंगणी, भरल्या अंगाची, नवं इरकल नेसून. शेजारी माजलगावचे व्याही. खुर्ची बघून तिनं एकदा नवऱ्याकडे बघितलं आणि पदर सारखा केला.

मी उभी राहिले. लोकांना वाटलं, प्रामाणिक सेवा वगैरे ऐकवेन. मी गोष्ट सांगितली. साहेब, चहा, मोजे, म्हाताऱ्या सरपंचांचं बोलणं. अठरा वर्षं साठवलेली गोष्ट होती, मी काही हात राखला नाही. खोली हसत होती, व्याही मांडीवर थाप मारत होते. मामांची बायको पदरात तोंड धरून हसत होती आणि तिरक्या नजरेनं नवऱ्याकडे बघत होती. मामा गळ्यात हार, खांद्यावर शाल घेऊन भिंतीपाशी उभे, खाली मान घालून.

मग मी म्हटलं, “त्या दिवशी बोल्ट ढिला नव्हता. यांनी पुरा आवळला होता. खालचं बटण कुणीतरी फिरवून ठेवलं होतं, आणि ते मी फिरवलं होतं. माफीचा कागदही यांच्या नावानं मीच लिहिला.”

हसू एकदम थांबलं. माझ्या हाताखालचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. मी मामांकडे वळून हात जोडले. म्हटलं, माझं चुकलं.

मामांची बायको उठली. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. ती सरळ नवऱ्यापाशी जाऊन उभी राहिली.

“मंग एवढी वरसं बोलला कावून न्हाई?”

“मला तरी कुठं ठावं व्हतं,” मामा म्हणाले.

मग त्यांच्या खांद्यावरून घसरलेली शाल तिनं नीट केली. “बसा मंग,” म्हणाली.

मामा बसले. आधी काठावर, मग आत सरकून. कुलपाचा दांडा त्यांनी न बघता बाहेर ओढला आणि पाठ टेकली. खुर्ची त्यांच्याबरोबर हळूच मागे गेली आणि थांबली. फोटोवाला म्हणाला, काका, इकडं बघा. काकांनी छताकडे बघितलं, मग डोळे मिटले. कुणी घाई केली नाही. शेवटी फोटोवाल्यानं तसाच फोटो काढला.

मग ते उठले. आम्हाला वाटलं, आता नारळ घेतील. तर ते शाल अंगावर, हार गळ्यात, तसेच खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसले आणि खाली हात घालून बटण उजवीकडे फिरवायला लागले. एक फेरा, दोन, तीन, आणि थोडंसं आणखी.

“ये, बस,” ते बायकोला म्हणाले.

“म्या?”

“तू माझ्यापरीस जड हायस. तुझ्या मापाचं केलंय.”

व्याही हसले, लेक म्हणाली, आई, बस गं. तिनं लाजत इरकलाचा घोळ आवरला आणि काठावर बसली. पाय जमिनीला पुरत नव्हते, ते मामांनी उंचीचा दांडा ओढून पुरवले.

“टेक मागं,” मामा म्हणाले.

तिनं खाली वाकून बघितलं नाही, कुणाला हाकही मारली नाही. पदर सावरला आणि टेकली.